देताना शीग, घेताना सपाट

गेल्या पौषात आमची आजी गेली. गावाकडच्या रिवाजाप्रमाणे तेराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा होती, आणि ओसरीवर येऊन टेकलेला प्रत्येक जण थोड्याफार फरकाने तेच बोलत होता : म्हातारी फार मायाळू होती, सोशिक होती, तिने कधी कुणाला दुखावले नाही. अशा वेळी असेच बोलायचे असते हे मला कळते, आणि बोलणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणीही खोटे नव्हते. तरीही ऐकता ऐकता मला सारखे वाटत राहिले, की ही माणसे दुसऱ्याच कुणाच्या तरी आजीविषयी बोलत आहेत. आमची आजी सोशिक नव्हती. तिने पुष्कळांना दुखावले होते, आणि त्यांपैकी काही जण तर त्या ओसरीवरच बसलेले होते. मायेचे म्हणाल, तर मांडीवर घेऊन गोष्टी सांगणे, केसांतून हात फिरवणे, जाताना मुके घेणे यांपैकी काहीही तिने केल्याचे मला आठवत नाही. आमची आजी हिशेबी होती. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिची जी काही माया होती ती सगळी त्या हिशेबातूनच आमच्यापर्यंत पोचली, आणि तो हिशेब वजा केला तर मागे आजी उरत नाही.

आमचे गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. इकडची जमीन खोल, चिकण, भेगाळणारी. परतीच्या पावसात एकदा भिजली की पुढे पाण्याचा थेंब न मिळताही ज्वारी काढून देणारी. हस्ताच्या आगेमागे पेरायचे आणि माघ-फाल्गुनात काढायचे, हा इथला शिरस्ता. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, आणि २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही बातमी मी मोठ्या कौतुकाने आजीला सांगितली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, की त्यामुळे क्विंटलमागे किती वाढणार. मला उत्तर देता आले नाही. ‘मग राहू दे,’ म्हणून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मंगळवेढ्याचे म्हणून जे संत आहेत, त्यांत तिचा खरा जीव दामाजीपंतांवर होता. गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे : बहामनी राजवटीत दामाजीपंत मंगळवेढ्याच्या सरकारी कोठाराचे अधिकारी होते, दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, तेव्हा त्यांनी कोठार लोकांना लुटून दिले. बिदरहून बोलावणे आले. दामाजीपंत तिथे पोचायच्या आधीच विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची सगळी किंमत भरली. कीर्तनकार या ठिकाणी गहिवरतात, श्रोते डोळे पुसतात. आजीचे लक्ष मात्र त्यापुढच्या प्रसंगावर असे. विठोबाने पैसे भरल्यावर बादशहाकडून रीतसर पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत नेऊन ठेवली, हे तिला फार आवडायचे. ‘देव झाला म्हून काय झालं, पावती घेतलीच न्हवं?’ असे ती म्हणायची आणि समोरच्याकडे अशा काही नजरेने बघायची, की आपण कुठली पावती घ्यायची विसरलो आहोत, असे त्याला वाटावे.

तिची स्वतःची मापे होती. माजघराच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात ती एकात एक बसवून ठेवलेली असत : निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, आणि कोनाड्यात मावत नाही म्हणून खाली जमिनीवर पालथी घातलेली पायली. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, असे दुप्पट होत होत शेरापर्यंत जायचे, आणि चार शेरांची पायली. देशात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत दुकानांतून शेर-पायली हद्दपार झाली, पण आमच्या माजघरात तो कायदा कधी पोचला नाही. दुकानातून किलोने आणलेली डाळसुद्धा घरात आल्यावर तिच्या मापातून जाऊनच डब्यात पडे. दिवस कलला की ती चुलीजवळ येऊन ‘किती माणसं हायती?’ असे विचारी. उत्तर आले की चिपटे ज्वारीच्या डब्यात बुडे. एका चिपट्याच्या पिठात दोन मोठ्या भाकरी, हे तिचे गणित. त्यात गडीमाणूस किती, बाईमाणूस किती, असा भेद नव्हता. पोरे मात्र वयाप्रमाणे अर्धी किंवा चतकोर मोजली जात. मी पूर्ण भाकरीची धनीण झाले, तो दिवस मला वाढदिवसापेक्षा जास्त चांगला आठवतो. सगळे मोजून झाल्यावर ती त्यातली एक मूठ काढून कोपऱ्यातल्या मडक्यात टाकी. ती मूठ कुणाची, हे ठरलेले नसे. भिक्षेकरी, अवेळी आलेला पाहुणा, शेजारची ओली बाळंतीण, असे ज्याच्या वाट्याला ते मडके येई त्याच्या वाट्याला येई. परंतु मूठ न काढता स्वयंपाक झाला, असे मी तरी पाहिले नाही.

ती शाळेत गेलेली नव्हती. तिचा थोरला भाऊ पंतोजींकडून आल्यावर परवचा म्हणे, तो ऐकून ऐकून तिने पाढे पाठ केले होते, आणि नुसते बे-तीनचे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा. सात औटे साडेचोवीस हे उत्तर माझ्या मोबाइलमधला गणकयंत्राचा पडदा उघडायच्या आत तिच्या तोंडून आलेले असे. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले ते १९५७ साली, पण तिच्या डोक्यात तो अखेरपर्यंत सोळा आण्यांचाच राहिला. २०११च्या जूनअखेर सरकारने पंचवीस पैशांचे नाणे बंद केले, त्या वेळी तिला खरोखर वाईट वाटले. आठ आणे होते, पण चार आणे नाहीत, हा कुठला व्यवहार, असे तिचे म्हणणे. भाजीवाल्याने वरचे चार आणे सोडायचे की तिने, हा तंटा मिटवायला मग काही साधनच उरले नाही.

वयाचा हिशेबही तिने असाच ठेवला होता. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे, जशी तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाची आहे. ती तारीख तिला मान्य नव्हती. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझा बाप मांडीवर होता, म्हणजे १९६७ सालचा डिसेंबर. किल्लारीचा झाला तेव्हा तू पाळण्यात होतीस, म्हणजे १९९३ चा सप्टेंबर. गणपती बोळवून दमलेले गाव पहाटे घराबाहेर पळाले, त्यात मला उचलून आधी बाहेर कुणी आणले यावरून आई आणि आजी यांच्यात कायमचा मतभेद होता. या दोन्ही खुणांमध्ये एक मोठी खूण होती, आणि तिच्याकडे ती फक्त ‘बाहत्तर’ असा उल्लेख करून जायची.

बाहत्तरचा दुष्काळ मी पुस्तकांतूनही वाचला आहे. पाऊस १९७०पासूनच दगा देत होता, आणि १९७२ला तर राज्याच्या मोठ्या भागात खरीप आणि रब्बी ही दोन्ही पिके गेली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे काढली, आणि १९७३च्या उन्हाळ्यात त्या कामांवर राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसे राबत होती. पण पुस्तकातला दुष्काळ आणि आजीचा दुष्काळ यांत फरक असा, की तिचा दुष्काळ एका पेवापासून सुरू होत असे.

पेव म्हणजे जमिनीतले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, आत गेल्यावर पोट मोठे, आतून शेणामातीने सारवून भाजून काढलेले, कडेने कडब्याचा थर, आणि मधे ज्वारी. वरून तोंड माती घालून असे बंद करायचे, की पावसाचा थेंब आत उतरू नये. अशी ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. एक-दोन दिवस तोंड मोकळे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणूस सोडायचा. आमच्या वाड्यामागे असे एक पेव होते. एरवी त्यात उतरायचे काम गड्यांचे. बाहत्तरच्या दिवाळीनंतर पेवात उरले होते ते फक्त तळाला आणि कडेला चिकटलेले धान्य. ते हाताने खरवडून काढायचे, म्हणजे आत उतरणारे माणूस हलके आणि बारीक हवे. घरात सगळ्यांत हलकी तीच होती. कमरेला दोरखंड बांधून आजोबांनी आणि चुलत सासऱ्यांनी तिला आत सोडले. हातात केरसुणी आणि सूप. वर माझे वडील पाच वर्षांचे, आणि पोटात काका.

हा प्रसंग तिने मला एकदाच सविस्तर सांगितला, तोही मी खोदून खोदून विचारल्यावर. आत काय दिसले, भीती वाटली का, श्वास कोंडला का, असे मी विचारत होते, आणि ती दर वेळी धान्यावर येत होती. दोन पायल्या निघाल्या. त्यातली अर्धी माती. कडेच्या ज्वारीला पेवाचा वास असतो, तो सूप पाखडून जात नाही, दोनदा धुऊन उन्हात घातली तर कमी होतो. धुतल्यावर दाणे फुगतात, म्हणून आधी मापली आणि मग धुतली. ‘किती दिवस गेली ती?’ असे मी विचारले. त्यावर तिने बोटांवर मोजले नाही की आठवल्यासारखे केले नाही. ‘सतरा,’ ती म्हणाली, ‘कण्या करून. भाकरी केली असती तर अकरा.’

नंतर ती खडी फोडायला गेली आणि पुढे पाझर तलावाच्या कामावर माती खणायला. रोज दुपारी तिथे सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना चिरा पडत आणि गिळताना घशाला टोचे. शाळूच्या मुलखातल्या माणसांना ती भाकरी खावी लागली, याचा राग तिच्या मनात इतका टिकून होता, की पुढे कधीही तिने लाल ज्वारीचा दाणा घरात येऊ दिला नाही. कामावरची मजुरी खणलेल्या चौकडीवर असे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे एक चौकडी. खोली कळावी म्हणून मधे थोडी माती न खणता तशीच उंच सोडायची, आणि त्यावरून मुकादम टेप लावून माप घ्यायचा. पहिल्या आठवड्यात मुकादमाने मोजलेले माप कमी भरले. दुसऱ्या आठवड्यात आजी घरून एक सुंभ घेऊन गेली. त्यावर तिने शेतातल्या मोजणीच्या साखळीवरून बघून फुटाफुटावर गाठी मारल्या होत्या. मुकादमाचा टेप आणि आजीचा सुंभ यांचे जमेना, तेव्हा कामावरच्या ओव्हरसियरला बोलावण्यात आले, आणि त्याने सुंभ बरोबर आहे असा निकाल दिला. तेव्हापासून तिच्या टोळीतल्या बायका मुकादमाच्या आधी तिच्याकडून माप घेऊ लागल्या. याच कामांमधून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आजीच्या मते त्या कायद्याच्या कामी तिच्या सुंभाचाही वाटा होता, आणि मला तिचे म्हणणे पटते.

२०१३ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा चारा छावण्या लागल्या आणि गावात टँकर येऊ लागला. जुनी माणसे म्हणत, बाहत्तरला विहिरीला पाणी होते पण दाणा नव्हता, आता दाणा आहे पण पाणी नाही. आजी तेव्हा वाकली होती, पण टँकर आला की काठी टेकत बाहेर येई आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नावाने भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढी. एक घागर, एक रेघ. सरपंचाच्या नात्यातल्या घराला रेघा जास्त व्हायला लागल्या, की ती त्या घरातल्या सुनेच्या घागरीसमोर काठी आडवी धरत असे. ओसरीवर डोळे पुसत बसलेल्या बायांत ती सूनही होती.

धान्य उसने देण्याघेण्याची तिची रीत निराळी होती, आणि मला वाटते, तिच्या हिशेबाचे सगळे मर्म तिथेच होते. पेरणीच्या वेळी कुणी बियाणाला ज्वारी मागायला आले, पावसाळ्यात कुणाच्या घरातले धान्य संपले, तर ती माप भरून वर शीग येऊ द्यायची. दाणे मापाच्या कडांवरून ओघळायला लागेपर्यंत ओतत राहायची आणि तशीच शिगेसकट समोरच्याच्या पोत्यात रिकामी करायची. तीच ज्वारी सुगीनंतर परत आली, की माप भरल्यावर तळहाताची कड त्यावरून फिरवून ते सपाट करायची, आणि खाली सांडलेले दाणे आणणाऱ्याच्या पोत्यात परत घालायची. मागायला येणाऱ्याला ‘राहू दे परत’ असे ती कधीही म्हणाली नाही. दिलेले परत आलेच पाहिजे, वहीत नाव गेलेच पाहिजे. फक्त दोन्ही वेळचे माप निराळे. काका सांगतात, की बाहत्तरला गावातल्या एका मोठ्या घरातून तिने उसनी ज्वारी आणली होती, त्या घरात माप नेमके याच्या उलट होते : देताना सपाट, घेताना शीग. मी तिला याविषयी विचारले, तेव्हा तिने हे काहीच कबूल केले नाही. ‘सपाट करायला हात लागतो. शीग आपली आपण हुती,’ एवढेच म्हणाली.

आजोबा २००९ साली वारले. त्यांच्या नावावर पंधरा एकर रान होते, त्यांनी स्वतः घेतलेले. वारसनोंदीची वेळ आली, तेव्हा गावात जे घडते तेच घडणार होते : दोन्ही आत्यांना बोलावून घ्यायचे, तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या, आणि येताना चांगल्यातले लुगडे-चोळी घेऊन द्यायचे. माझे वडील आणि काका दुष्ट नव्हते, नाहीत. त्यांना यात काही वावगे आहे, हे कुणी सांगितलेच नव्हते, आणि आत्याही सह्या करायच्या तयारीनेच आल्या होत्या. गाडी दारात उभी होती. आजी माजघरातून बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. ‘वाटं किती?’ तिने विचारले. वडील म्हणाले, दोन. ‘चार लेकरं, पाचवी मी. पंधराला पाचानं भागलं तर किती?’

त्यानंतर घरात जे झाले ते मी इथे सगळे लिहीत नाही. काका महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. गावातले वडीलधारे येऊन समजावून गेले, की बाई, लेकींची नावे उताऱ्यावर चढवलीस तर भाऊ-बहिणींत वैर येईल. एका आत्यालाही तेच वाटत होते. माहेर तुटेल या भीतीने ती रडत होती आणि मला नको, मला नको असे म्हणत होती. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने अशा मिळकतीत विधवेला, मुलग्यांना आणि मुलींना सारखा वाटा दिलेला आहे, हे आजीला ठाऊक नव्हते. तिला भागाकार ठाऊक होता. शेवटी तलाठ्याने फेरफार केला आणि सातबारावर पाच नावे चढली. रान एकत्रच राहिले, कसायचे काम वडिलांनी आणि काकांनीच केले, पण दर सुगीला रास झाली, की खर्च वजा जाता उरलेल्या धान्याचे आजी पाच वाटे घाली आणि आत्यांची पोती त्यांच्या गावी रवाना करी. रडणाऱ्या आत्याने पहिल्या वर्षी पोती परत पाठवते म्हणून निरोप धाडला. आजीचा उलट निरोप गेला, ‘परत आली तर मी तुझ्या दारात ठिवून यीन, पर माझ्या कणगीत ठिवणार न्हाई.’ माहेर तुटले नाही. मात्र काकांचे आणि त्या आत्याचे पुढची दोन वर्षे तुटकच होते, हे सांगितले पाहिजे. सगळे गोडीगुलाबीने झाले, असे लिहिणे आजीला आवडले नसते.

या हिशेबाला एक कडू बाजू होती, आणि ती माझ्या आईने सोसली. आईच्या लग्नात तिच्या माहेराहून मानपानात काय कमी आले, हे आजीने अखेरपर्यंत लक्षात ठेवले होते. विहिणीचे लुगडे सुती आले की नऊवारी इरकल आले, हा विषय ती दर दोन-तीन वर्षांनी काढत असे. आई शिकलेली, अबोल, आणि ती हे बोलणे गिळून टाके. पण तीच आई मला सांगते, की माझ्या बारशाला आजीने पायलीने ज्वारी आणि शेराने गूळ काढला, तेव्हा शेजारची एक बाई बोलून गेली, पोरीला कशाला एवढे. आजीने तिच्यादेखत तेवढेच माप पुन्हा एकदा भरले आणि पहिल्यात ओतले. दोन वर्षांनी माझ्या भावाच्या बारशाला मोजून तेवढेच निघाले, दाणा जास्त नाही. आई तेराव्याला सगळ्यांत जास्त रडली. मी तिला विचारले, तर म्हणाली, त्यांनी माझे कौतुक कधी केले नाही, पण माझ्या ताटात कधी कमीही पडू दिले नाही.

शेवटचे दोन-अडीच महिने आजी अंथरुणावर होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या ती दोन वाट्यांत ठेवी. सकाळी सगळ्या डावीकडच्या वाटीत, घेतलेल्या गोळीचा रिकामा कागद उजवीकडच्या वाटीत. रात्री दोन्हींचा मेळ बसला, की झोप. नजर गेली होती, म्हणून चाचपून मोजायची. मी सुट्टी काढून गेले होते, तेव्हा तिने मला वही घ्यायला सांगितली. आमच्या घरात तिच्या हिशेबाच्या वह्यांना एकच अक्षर नाही. वडिलांचे शाळेतले बाळबोध अक्षर, आत्यांचे, मग माझे, माझ्या भावाचे, अलीकडे काकांच्या नातवाचे, ज्याच्या वेलांट्या अजून उलट्या पडतात. ज्याला लिहिता येऊ लागे, तो तिचा कारकून. मी लिहायला बसले आणि ती सांगत गेली. दूधवालीचे अमुक. किराणावाल्याचे देऊन झाले आहे, पण त्याने खोडले का ते बघ. शेजारणीच्या पाट्याचा वरवंटा आपल्याकडे आहे, तो जड आहे, पोराला पाठवून पोचता कर. अमक्याने भाद्रपदात बियाणाला चार पायल्या नेली, तमक्याने दोन. धाकटीकडे येणे काही नाही, देणे एक पितळी डबा, तिच्या लग्नातला, माझ्याकडे राहिला. पाऊण तास ती बोलत होती. मग म्हणाली, ‘वाच.’ मी वाचले. एके ठिकाणी मी चारऐवजी पाच पायल्या म्हणते की काय, अशी तिला शंका आली, आणि तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

ती गेली तेव्हा रानात ज्वारी हुरड्यात होती. तिसऱ्या दिवशी राख सावडली, दहाव्याला भीमेच्या काठी पिंड ठेवले. अशा वेळी कावळा लवकर शिवत नाही, माणसे ताटकळतात, मग कुणीतरी मोठ्याने म्हणते, तुझ्या लेकरांना बघतो, अमके पुरे करतो. आमच्याकडे काकांनी असे काही तरी बोलायची तयारी केलीच होती, तर पिंड ठेवून मागे सरकतो न सरकतो तोच कावळा आला. आमच्या गल्लीतले एक म्हातारे शेजारी म्हणाले, ‘तिचं कुणाकडं काय राह्यलंच नव्हतं बोलायचं.’ त्या सबंध तेरा दिवसांत तिच्याविषयी जे बोलले गेले, त्यात मला हे एकच वाक्य तिच्या मापाचे वाटले.

आता तिच्या वाट्याच्या तीन एकरांची वारसनोंद व्हायची आहे. एकशेवीस गुंठे, चार लेकरे, तीस-तीस गुंठे. या वेळी हक्कसोडीचा विषय कुणी काढला नाही. अर्ज काकांनीच आणला, आणि नावे लिहिताना थोरल्या आत्याचे नाव पहिले लिहिले.

फाल्गुनात रास झाल्यावर मी गावी गेले होते. पलीकडच्या वस्तीवरचे गृहस्थ, ज्यांच्या नावावर वहीत चार पायल्या होत्या, ते पोते घेऊन आले. काकूंनी कोनाड्याखालची पायली काढली, चवाळे अंथरले, आणि ते ओतत गेले. चारही वेळा त्यांनी मापावर चांगली शीग आणली, बहुधा म्हातारीच्या नावाने. काकूंनी चारही वेळा हाताची कड फिरवून माप सपाट केले आणि चवाळ्यावर सांडलेले दाणे गोळा करून त्यांच्या पोत्यात परत घातले. ते म्हणाले, ‘वहिनी, राहू द्या की तेवढं.’ काकूंनी उत्तर दिले नाही. मला वहीतली ओळ खोडायला सांगितली आणि त्यांना चहाला थांबवले. त्या पानावर अजून काही नावे आहेत. त्यांतल्या दोघांचे यंदा पीक बुडाले, ते पुढच्या सुगीपर्यंत थांबा म्हणाले आहेत, आणि काका थांबतो म्हणाले. तसे मी त्यांच्या नावांपुढे लिहून ठेवले आहे.